लाख किलोमीटरचा टायर नेमका कोणासाठी? १८५/६५ आर१५ मापाच्या टायरांचं परीक्षण

स्विफ्ट, डिझायर, बलेनो, अर्टिगा या गाड्यांच्या बऱ्याच व्हेरियंटना १८५/६५ आर१५ हे माप लागतं. त्यामुळे टायरच्या दुकानात सगळ्यात जास्त पर्याय याच मापात मिळतात. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो, "किती किलोमीटर चालेल?" समोरून उत्तर येतं, "पन्नास हजार कुठं गेले नाहीत." हल्ली त्याच्याही पुढे जाऊन लाखाचा आकडा ऐकू येतो. सिएटच्या मायलेझ एक्स३ चा प्रचारच एक लाख किलोमीटरच्या आयुष्यावर आहे. अपोलो अमेझर ४जी लाइफ, ब्रिजस्टोन स्टर्डो आणि गुडइयर अ‍ॅशुरन्स ड्युराप्लस २ हे टायरही जास्त टिकण्याच्या जोरावरच विकले जातात.

हे टायर वाईट नाहीत, पण ते सगळ्यांसाठीही नाहीत. वर्षाला १५ हजार किलोमीटरच्या वर चालणाऱ्या गाडीला ते घ्यावेत. आठ हजारांच्या आत चालणाऱ्या गाडीला घेऊ नयेत. मधल्यांनी पुढचा मजकूर वाचून ठरवावं. कारण एकच: टायर दोन प्रकारे संपतो, घासून आणि वय होऊन. घरगुती गाडीचा टायर बहुतेक वेळा वयानं संपतो, आणि किलोमीटरचा दावा वयाबद्दल काहीच सांगत नाही.

एक साधा हिशोब करू. आठवड्याला बाजार, महिन्यातून एकदा गाव, मे महिन्यात कोकण असं चालवलं तर गाडी वर्षाला सात हजार किलोमीटर होते. या वेगानं एक लाख किलोमीटर व्हायला चौदा वर्षं लागतील. रबर तेवढं थांबत नाही. काही टायर कंपन्या दहा वर्षं ही शेवटची मर्यादा सांगतात आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या म्हणतात. काही कार कंपन्या सहा वर्षांवरच बदला म्हणतात. नागपूर-चंद्रपूरचा उन्हाळा आणि कोकणचा पाऊस या दोन्हींतून जाणाऱ्या टायरला आम्ही सहा वर्षं हीच हद्द धरतो. सहा वर्षांत ही गाडी ४२ हजार चालेल, म्हणजे लाखाच्या टायरमधला निम्म्याहून जास्त भाग न वापरताच भंगारात जाईल. तोवर सहा पावसाळे मात्र कडक रबरावर काढावे लागतील.

रबराचा कडकपणा हा इथला मुख्य मुद्दा आहे. टायर बनवणाऱ्याला तीन गोष्टी एकत्र साधायच्या असतात: तो टिकावा, ओल्या रस्त्यावर धरून राहावा आणि फिरताना कमी अडावा, म्हणजे इंधन वाचावं. रबराच्या मिश्रणात एक बाजू वाढवली की दुसरी थोडी घटते. सिलिका घातल्यानं ही ओढाताण बरीच सैल होते, पण सिलिकाचं मिश्रण महाग पडतं. जास्त टिकणाऱ्या टायरमध्ये रबर कडक असतं, खोबणी सहसा थोडी जास्त खोल असते आणि पट्ट्यांमधली मोकळी जागा कमी असते, म्हणजे रस्त्याला जास्त रबर टेकतं. कोरड्या डांबरावर यात काही अडत नाही. फरक जाणवतो तो पहिल्या पावसात सिग्नलला ब्रेक दाबल्यावर, आणि पेव्हर ब्लॉकवरून जाताना केबिनमध्ये येणाऱ्या आवाजात.

या मापात बाजारात तीन गट धरता येतात. पहिला गट वर सांगितलेल्या टिकाऊ टायरांचा. दुसरा मधला: एमआरएफ झेडव्हीटीव्ही, अपोलो अल्नॅक ४जी, सिएट सिक्युराड्राइव्ह, जेके यूएक्स रॉयल. तिसरा आराम आणि पकड यांना महत्त्व देणारा: मिशेलिन प्रायमसी ४ एसटी, ब्रिजस्टोन तुरांझा, काँटिनेंटल अल्ट्राकाँटॅक्ट यूसी६, योकोहामा ब्लूअर्थ जीटी. या मालिकांतलं प्रत्येक माप प्रत्येक शहरात हजर असेलच असं नाही, आणि नावापुढचे आकडेही बदलत राहतात, म्हणून नावापेक्षा गट लक्षात ठेवावा. हवा बरोबर असेल, अलाइनमेंट वेळेवर होत असेल आणि चालवणारा शांत असेल, तर तिसऱ्या गटातला टायर ३५ ते ४५ हजार, मधला ४० ते ५० हजार आणि टिकाऊ गटातला ५५ ते ७५ हजार किलोमीटर जातो, असा व्यवहारातला ठोकताळा आहे. लाखाला पोचणारे टायरही असतात, पण ते बहुतेक हायवेवर एका लयीत पळणाऱ्या गाड्यांचे. पुण्याच्या सिग्नल-टू-सिग्नल वाहतुकीत तो आकडा धरून खर्च मांडू नये.

पैशाचा हिशोब असा बसतो. पहिल्या दोन गटांतला टायर साधारण पाच-साडेपाच हजारांच्या आसपास पडतो, तिसऱ्या गटातला सात हजार किंवा त्याहून वर. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे त्याआधीच्या कोटेशनशी भाव ताडून पाहू नका, आणि बिलावर १८ टक्केच लागले आहेत ना ते बघा. आता तीच वर्षाला सात हजारांची गाडी घ्या. टिकाऊ गटाचे चार टायर २२ हजारांत, तिसऱ्या गटाचे ३० हजारांत. दोन्ही सेट सहा वर्षांनी, ४२ हजार किलोमीटरला निघणार. फरक आठ हजारांचा, म्हणजे महिन्याला एकशे अकरा रुपये. ओल्या घाटात चांगली पकड आणि शांत केबिन एवढ्याला मिळत असेल तर आम्ही विचार न करता तिसरा गट सुचवू.

उलट टोकाला टॅक्सी परवान्यावरची डिझायर किंवा अर्टिगा. ती महिन्याला चार हजार किलोमीटर करते. तिसऱ्या गटाचा टायर वर्षभरात संपेल, टिकाऊ गटाचा दीड वर्ष जाईल. किलोमीटरला ७५ पैसे की ३४ पैसे, हा फरक धंद्यात जाणवतो. शिवाय दीड वर्षात वयाचा प्रश्नच येत नाही. इथे टिकाऊ टायर हीच बरोबर खरेदी. वर्षाला दहा-बारा हजार चालवणाऱ्यांनी मधला गट घ्यावा. त्यांचा टायर चार वर्षांत घासतो, वय होण्याआधीच निघतो, आणि दोन्ही बाजूंनी पैसे वसूल होतात.

टायरच्या भिंतीवर काय वाचायचं

१८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. त्यापुढे ८८एच असतं. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलोपर्यंत भार, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत वेग. टी असेल तर १९०. आपल्याकडे ताशी १२० च्या वर कायदेशीर रस्ताच नाही, म्हणून टी घेतला तरी चालेल असं सांगणारे भेटतात. पण कंपनीनं एच दिला असेल तर खाली उतरू नये. वेगाचं अक्षर हे उष्णता सहन करण्याचंही माप आहे. ८८ च्या खालचा भार तर अर्टिगासारख्या सात माणसांच्या गाडीला अजिबात चालणार नाही.

भारतात विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर आयएसआय चिन्ह आणि आयएस १५६३३ हा क्रमांक हवाच. खरी महत्त्वाची गोष्ट मात्र एका लहान लंबगोलात चार आकड्यांत असते. २३२५ असेल तर तो टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बनला. हे आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू आत बसवली गेली तर नंतर गाडीखाली वाकून बॅटरीच्या उजेडात शोधत बसावं लागतं. म्हणून टायर रिमवर चढवण्याआधी चारही टायरचे आकडे वाचा, फोटो काढा, मगच मशीन चालू करू द्या. सहा महिन्यांच्या आतला माल असेल तर उत्तम. वर्षापर्यंतचा, सावलीत नीट ठेवलेला टायर घ्यायला हरकत नाही. सेलमध्ये मिळणारा दोन-अडीच वर्षांचा टायर सहा वर्षांच्या हिशोबात एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त आयुष्य आधीच खर्च करून आलेला असतो. सूट तेवढी असेल तरच घ्या.

काही टायरवर ट्रेडवेअर ४००, ५०० असे आकडे छापलेले दिसतात. ही अमेरिकी पद्धत आहे. १०० गुणांच्या संदर्भ टायरच्या तुलनेत हा किती घासतो ते त्यातून कळतं. पण हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते. त्यामुळे एकाच कंपनीचे दोन टायर ताडून बघायला तो उपयोगी, वेगवेगळ्या कंपन्यांमध्ये नाही. ओल्या रस्त्यावरची पकड, फिरण्यातला अवरोध आणि आवाज यांचे किमान निकष आपल्याकडे एआयएस १४२ या मानकानं २०२२ च्या अधिसूचनेपासून लागू झाले आहेत. म्हणजे तळाला एक मर्यादा घातली गेली आहे, पण तळाच्या वर कोण किती उंच ते ग्राहकालाच शोधावं लागतं.

आणखी एक गोष्ट. नव्या गाडीवर कंपनीतून येणारा टायर आणि दुकानात त्याच नावानं मिळणारा टायर एकच असतो असं धरू नका. कार कंपनीला अ‍ॅव्हरेज दाखवायचं असतं. त्यामुळे बऱ्याचदा हलका, कमी अवरोधाचा टायर बनवून घेतलेला असतो. तो ३५-४० हजारांत गेला म्हणून ती कंपनीच वाईट ठरवू नये, आणि "कंपनीनं दिलेलाच परत टाका" हाही नियम नाही.

किती उरलाय ते कसं मोजायचं

नव्या टायरची खोबणी साधारण ८ मिलिमीटर असते. खोबणीच्या तळाशी जागोजागी रबराचे आडवे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटर उंचीचे. भिंतीच्या वरच्या कडेला टीडब्ल्यूआय अक्षरं किंवा छोटा त्रिकोण दिसतो, त्याच्या सरळ रेषेत हे उंचवटे सापडतात. पट्टा, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग, घासून उंचवट्याच्या पातळीला आला की टायर कायद्यानं संपला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत कारसाठी १.६ मिलिमीटर हीच किमान खोली आहे.

पण पाऊस कायदा वाचून पडत नाही. खोबणीचं काम पाणी बाजूला काढणं. ती भरून वाहू लागली की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. खोबणीच्या खोलीहून पाणी जास्त साचलं असेल, तर कोणत्या वेगाला टायर तरंगेल याचा जुना ठोकताळा हवेच्या दाबाशी बांधलेला आहे: ३३ पीएसआयला ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास, २५ पीएसआयला ८३ च्या आसपास. म्हणजे घासलेला टायर आणि कमी हवा एकत्र आली की एक्स्प्रेसवेच्या नेहमीच्या वेगालाच गाडी तरंगू शकते. म्हणून आमचा नियम असा: मे महिन्यात मोजा, ३ मिलिमीटर किंवा कमी असेल तर पावसाआधी बदला. नोव्हेंबरात ३ मिलिमीटर असेल तर उन्हाळ्यापर्यंत निर्धास्त चालवा. त्याच टायरबद्दल महिना बदलला की उत्तर बदलतं.

खोली मोजायचा गेज दोन-तीनशे रुपयांत मिळतो. प्रत्येक टायरवर आतली, मधली, बाहेरची अशा तिन्ही खोबणींत मोजा आणि किलोमीटरसह लिहून ठेवा. समजा ८ मिलिमीटरचा टायर २० हजार किलोमीटरनंतर ५.५ वर आला. अडीच मिलिमीटरला २० हजार, म्हणजे एका मिलिमीटरला आठ हजार. ३ मिलिमीटरपर्यंत अजून अडीच बाकी, म्हणजे आणखी २० हजार. हा तुमच्या गाडीचा, तुमच्या रस्त्याचा आणि तुमच्या पायाचा आकडा आहे, आणि कोणत्याही जाहिरातीपेक्षा तो खरा. नवे उंच ठोकळे जास्त वळवळतात, त्यामुळे पहिले दोन मिलिमीटर थोडे लवकर जातात. म्हणून पाच हजारांवर मोजून घाबरू नका.

सगळ्यात जास्त फसवणारी जागा म्हणजे पुढच्या टायरची आतली कड. गाडीशेजारी उभं राहून टायर पाहिला तर बाहेरची दोन खोबणी दिसतात, आणि ती छान खोल असतात. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवा, खाली बसा आणि टायरच्या मागच्या अंगानं आत हात घाला. आतल्या कडेचा बोटभर पट्टा गुळगुळीत लागला, किंवा बोटाला तारेची टोकं टोचली, तर तो टायर बाहेरून कितीही नवा दिसला तरी त्याच दिवशी काढायचा. ती तार म्हणजे पोलादी पट्ट्याची, आणि ती उघडी पडली की आत पाणी शिरून गंजते.

घासण्याच्या खुणा वाचता आल्या तर पुढचा सेट वाचतो. तळहात पट्ट्यावरून आडवा फिरवा, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागलं तर टो बिघडलेला आहे. पुढची दोन चाकं एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून लांब बघत फरफटत आहेत. फक्त आतली कड गेली असेल तर कॅम्बर, म्हणजे उभ्या चाकाचा आत-बाहेर कल, बघा. पण कॅम्बर बऱ्याच छोट्या गाड्यांना सुटा अ‍ॅडजस्ट होत नाही, तेव्हा चाक धरून ठेवणाऱ्या भागांत दोष, म्हणजे लोअर आर्मचा बुश, बॉल जॉइंट किंवा खड्ड्यात वाकलेला आर्म शोधावा लागतो. ते न करता नुसती अलाइनमेंट करून घेणं म्हणजे पैसे पाण्यात. दोन्ही कडा गेल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर हवा कायम कमी होती. मधला गेला असेल तर जास्त होती. जागोजागी वाट्यांसारखे खड्डे पडले असतील आणि ताशी ५०-६० ला गुणगुण येत असेल, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर संपलेत किंवा बॅलन्सिंग गेलंय. अशा टायरचा आवाज बेअरिंगसारखा येतो, आणि बेअरिंग बदलूनही जात नाही. मागच्या टायरवर या वाट्या जास्त दिसतात, कारण ते वर्षानुवर्षं जागचे हलवलेले नसतात.

दर आठ ते दहा हजारांला रोटेशन करा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे टायर सरळ मागे जातात आणि मागचे फुलीत पुढे येतात. भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलता येत नाही, फक्त पुढे-मागे. "आउटसाइड" लिहिलेलं असेल तर ती बाजू बाहेरच राहिली पाहिजे, आणि अशा टायरना बाजू बदलायला अडचण नाही. रोटेशन, बॅलन्सिंग, अलाइनमेंट यांचा मिळून हजार-दीड हजार खर्च येतो. अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा छापील कागद मागून घ्या. कागद देत नसतील तर दुकान बदला.

हवा, ऊन आणि समृद्धी

टायरच्या आयुष्यावर सगळ्यात मोठा परिणाम करणारी गोष्ट फुकट किंवा पाच-दहा रुपयांत मिळते, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. चांगला टायरही महिन्याला एक-दोन पीएसआय सोडतो. दोन महिने दुर्लक्ष केलं की ३३ चे २९-३० होतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाही, कारण रेडियल टायरची भिंत तशीही थोडी फुगलेलीच असते. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, एक थोड्या माणसांसाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. पाच माणसं आणि सामान घेऊन गावी निघताना दुसरा आकडा पाळायचा. हवा थंड टायरमध्ये बघायची, म्हणजे गाडी तीन तास उभी असेल किंवा दोन-तीन किलोमीटरच चालली असेल तेव्हा.

आणि इथेच आपल्याकडे एक चुकीचा समज खोल रुजला आहे: "उन्हाळ्यात हवा वाढते, टायर फुटेल, म्हणून चार पॉइंट कमी ठेवा." हे थेट उलट आहे. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआय वाढतो. तासभर चालून ३३ चे ३८ झाले तर ते अपेक्षितच आहे, टायर त्याच्या कितीतरी वर सहन करायला बनवलेला असतो. हवा कमी ठेवली की मात्र भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते. वाकण्यानं रबर आतून तापतं, पोलादी पट्टा आणि रबर यांचा सांधा सुटू लागतो, आणि शेवटी पट्टाच उखडून येतो. मे महिन्यात काँक्रीटवर ताशी १२० ला फुटणारे टायर बहुतेक असे असतात: हवा कमी, वय जास्त, भार जास्त, किंवा आधीच्या खड्ड्यात आतून तुटलेले. गरम टायरची वाढलेली हवा वाटेत काढणं ही त्यातली सर्वांत घातक चूक, कारण टायर थंड झाला की दाब २८ वर येतो.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, सरळ, काँक्रीटचा, कारला १२० ची परवानगी असलेला. शहरात कधी ६० च्या वर न गेलेला सहा-सात वर्षांचा टायर तिथे पहिल्यांदा दोन-तीन तास सलग तापतो, आणि त्याची दुखणी तिथे बाहेर येतात. २०२३ मध्ये परिवहन विभागानं घासलेल्या टायरच्या गाड्या तिथे अडवायला सुरुवात केली, ती योग्यच होती. निघण्याआधी चार गोष्टी बघा: तारीख, आतली कड, भिंतीवरचा फुगा आणि थंड हवा. मध्ये दर दोन तासांनी थांबा, टायरलाही ते हवं असतं.

भिंतीवरचा फुगा वेगळा लक्षात ठेवा. खड्ड्याच्या धारेत टायर चिमटला की भिंतीतले धागे तुटतात आणि तिथून हवा रबराला बाहेर ढकलते. लिंबाएवढा असो वा सुपारीएवढा, त्याची दुरुस्ती नाही. कंपनीची नेहमीची वॉरंटी बनावटीतल्या दोषाला असते, तीही उरलेल्या खोबणीच्या प्रमाणात, आणि खड्ड्याचा फुगा त्यात बसत नाही. काही कंपन्या काही टायरवर अशा नुकसानीसाठी वेगळी विनाअट वॉरंटी देतात. ती हवी असेल तर बिलाच्या वेळीच नोंदणी करून घ्या. गाडीच्या विम्यातही नुसता टायर गेला तर पैसे मिळत नाहीत. गाडीबरोबर गेला तर ५० टक्के कापून मिळतात, किंवा टायरचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

उभ्या गाडीचा टायर

कमी चालणाऱ्या गाडीच्या मालकांना हे विशेष सांगायचं आहे. रबरात एक मेणासारखा संरक्षक पदार्थ मिसळलेला असतो. टायर फिरताना वाकतो तेव्हा तो हळूहळू पृष्ठभागावर येऊन ओझोनपासून थर धरतो. नव्या टायरवर दिसणारी तपकिरी झाक ती हीच, धूळ नव्हे. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर हा थर नव्यानं येत नाही, आणि भिंतीवर, तसंच पट्ट्याच्या ठोकळ्यांच्या मुळाशी, केसासारख्या भेगा पडतात. खोबणी ६ मिलिमीटर आणि भेगा सगळीकडे, असा टायर पाहिला की मालकाला बदलायला जिवावर येतं. पण रबराचा कडकपणा शोअर ए या मापात मोजला तर नव्यात जो साधारण ६० ते ६५ असतो तो अशा टायरमध्ये ७५ कडे गेलेला असतो. खोबणी पाणी काढते, धरून ठेवायचं काम रबराचं असतं, आणि ते रबर आता ते करत नाही. वरवरच्या केसभर भेगा पाचव्या वर्षी लक्ष ठेवण्याजोग्या, नख रुतेल एवढ्या भेगा म्हणजे टायर बदलायचाच.

अशा गाडीला आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा, सावलीत लावा, हवा दोन-तीन पीएसआय जास्त ठेवा. टायर चमकवण्यासाठी पेट्रोलियमयुक्त पॉलिश लावू नका, ते तोच संरक्षक पदार्थ धुऊन काढतं. साधं पाणी आणि सौम्य साबण पुरे.

बदलताना

चारही एकदम बदलणं उत्तम. दोनच बदलायचे असतील तर नवे मागे बसवा. दुकानदार बहुतेक पुढे बसवून देतो, कारण पुढचे लवकर घासतात. पण ओल्या वळणावर पुढचे टायर सुटले तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलला की परत सावरते. मागचे सुटले तर गाडी गोल फिरते, आणि साध्या चालकाला ती सावरता येत नाही. एका अ‍ॅक्सलवर दोन वेगळे टायर नकोत.

टायरबरोबर रबरी व्हॉल्व्हही बदला, पन्नासएक रुपयांत येतो. जुना व्हॉल्व्ह बोटानं वाकवला की मुळाशी भेग दिसते, आणि नव्या टायरमधली हवा तिथूनच जाते. पंक्चर पट्ट्याच्या मधल्या भागात आणि ६ मिलिमीटरच्या आत असेल तर आतून मशरूम पॅच मारून घ्या. बाहेरून घातलेली वात गावापर्यंत पोचायला ठीक. खांद्याला किंवा भिंतीला पंक्चर असेल तर कोणताही कारागीर काहीही म्हणाला तरी नाही. नायट्रोजनसाठी जास्त पैसे देण्याची गरज नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि नियमित तपासलेली साधी हवा दुर्लक्षित नायट्रोजनपेक्षा केव्हाही चांगली.

रस्त्याकडेला मिळणारे खोबणी कापून नवे केलेले टायर मात्र घेऊ नका, कितीही स्वस्त असले तरी. खोबणीच्या तळाखाली पोलादी पट्ट्यापर्यंत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रबर असतं, आणि त्यातलंच कापून ही खोबणी काढलेली असते.

नवे टायर बसले की पहिले दोन-तीनशे किलोमीटर बेतानं चालवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला पदार्थ पृष्ठभागावरून निघेपर्यंत पकड पूर्ण येत नाही. शंभरएक किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासून घ्या, मॅन्युअलमध्ये दिलेल्या घट्टपणाला, पाय देऊन आवळलेले नकोत.

आणि डिकीतली स्टेपनी काढून तिची तारीख वाचा. पाच वर्षं जुन्या गाडीत तीही पाच वर्षांची असते, एकही किलोमीटर न चालता. तिच्यात हवा बहुतेक वेळा पंधरा-वीस पीएसआयच उरलेली असते. मूळ मापाची स्टेपनी असेल तर जुन्या चारांतला सर्वांत चांगला टायर तिच्या जागी ठेवू नका, त्याचंही वय तेवढंच आहे. रोटेशनमध्ये पाचवं चाक पहिल्यापासून फिरवलेलं बरं. छोट्या मापाची स्टेपनी असेल तर ती तिच्यावरच छापलेल्या वेगाच्या आत, जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच.